क्लॅमएव्ही बसवल्यापासून लहान लॅपटॉप रोज काही मिनिटे गोठतो: कारण आणि उपाय

दोन किंवा चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा झुबुंटू बसवले, सुरुवातीचे काही दिवस सगळे सुरळीत चालले, मग विंडोजच्या सवयीने ‘अँटिव्हायरस तर हवाच’ म्हणून क्लॅमएव्ही बसवले आणि तेव्हापासून लॅपटॉप रोज काही मिनिटे गोठू लागला, ही तक्रार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून वारंवार कानावर येते. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे अनेक जुने लॅपटॉप त्यानंतर लिनक्सकडे वळले, आणि त्यांत सेलेरॉन प्रोसेसर, ३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (मंद गतीच्या चिपचे) स्टोरेज आणि मदरबोर्डवरच पक्की बसवलेली, म्हणजे वाढवता न येणारी रॅम असलेले ११ इंची लॅपटॉप बरेच आहेत.

लक्षणे जवळजवळ सगळीकडे सारखीच असतात. लॅपटॉप सुरू करून ब्राउझर उघडला की थोड्या वेळाने माउसचा बाण उड्या मारू लागतो, फायरफॉक्सची खिडकी पांढरी पडते, डिस्कचा दिवा असल्यास तो विझायचे नाव घेत नाही आणि वाजत असलेले गाणे तुटक होत जाते. काही मिनिटांनी सगळे आपोआप ताळ्यावर येते, म्हणून माणूस विषय सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच घडते. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करण्याची सवय लावून घेऊ नये, कारण नेमके त्याच क्षणी डिस्कवर लेखन चालू असते आणि अर्धवट लिहिलेल्या फाइली पुढे वेगळाच त्रास देतात.

आधी खात्री करावी

दोष क्लॅमएव्हीचाच आहे हे गृहीत धरू नये, ते पाहावे. इथे नवख्या माणसाची पहिली फसगत होते. मिंटच्या सिनॅमन किंवा मॅटे आवृत्तीतला सिस्टम मॉनिटर सहसा फक्त चालू वापरकर्त्याच्या प्रक्रिया दाखवतो, एक्सएफसीईच्या टास्क मॅनेजरमध्येही सर्व प्रक्रिया दाखवण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, आणि क्लॅमएव्हीचा पार्श्वभूमीत चालणारा भाग, ज्याचे नाव क्लॅमडी, तो आपल्या नावाने न चालता ‘क्लॅमएव्ही’ याच नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालतो. त्यामुळे यादीत सगळ्यांत वर फायरफॉक्स दिसतो आणि बिचाऱ्या ब्राउझरवर आळ येतो. सिस्टम मॉनिटरच्या मेन्यूतून ‘ऑल प्रोसेसेस’ निवडून मेमरीच्या रकान्यावर क्लिक केले की खरे चित्र समोर येते: क्लॅमडी एकटा एक जीबीहून अधिक रॅम धरून बसलेला असतो, आणि तीही त्या क्षणी एकही फाइल तपासत नसताना.

टर्मिनलची भीती नसेल तर ‘फ्री हायफन एच’ ही आज्ञा द्यावी. या लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात, आणि नावाची पहिली तीन-चार अक्षरे देऊन टॅबची कळ दाबली की उरलेले नाव बहुधा आपोआप पूर्ण होते, त्यामुळे स्पेलिंगची चूक टळते. या आज्ञेच्या उत्तरात ‘फ्री’ नावाच्या रकान्याकडे पाहून घाबरू नये, कारण लिनक्स मोकळी रॅम डिस्कवरच्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी वापरत असतो आणि गरज पडताच ती परत करतो. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. तो दोन-तीनशे एमबीच्या खाली गेला असेल आणि शेजारच्या ओळीत स्वॅपचा, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेचा, वापर वाढत असेल, तर लॅपटॉप रॅममधला मजकूर डिस्कवर टाकण्यात आणि परत उचलण्यात गुंतला आहे. गोठणे म्हणतात ते हेच. कधी परिस्थिती त्याहीपुढे जाते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच एखादी प्रक्रिया मारून टाकतो. ‘सुडो जर्नलसीटीएल हायफन के’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) या आज्ञेच्या उत्तरात ‘आउट ऑफ मेमरी’ असा शेरा सापडला तर कोणाचा बळी गेला तेही त्याच ओळीत कळते. कधी तो क्लॅमडीचा असतो, कधी फायरफॉक्सच्या एखाद्या टॅबचा.

रोज सकाळीच का?

क्लॅमएव्ही हा मुळात मेल सर्व्हरवरची टपाले तपासण्यासाठी लोकप्रिय झालेला कार्यक्रम आहे; आज तो सिस्कोच्या टॅलोस या विभागाकडून सांभाळला जातो. सर्व्हरवर सतत नवी टपाले येत असतात, म्हणून ज्ञात व्हायरसांच्या खुणांचा सगळा साठा रॅममध्ये तयार ठेवणे तिथे शहाणपणाचे असते, आणि क्लॅमडी नेमके तेच करतो. क्लॅमएव्हीच्या अधिकृत दस्तऐवजातही किमान तीन जीबी रॅमची शिफारस आहे. दोन जीबीच्या लॅपटॉपवर तो बसवू नये, एवढे त्या एका वाक्यावरून समजायला हवे. पण बसवण्याच्या सूचना वाचणारे दस्तऐवजाचे ते पान सहसा उघडत नाहीत.

आता सकाळी काय होते ते पाहू. लॅपटॉप रात्रभर बंद असतो. सुरू करताच क्लॅमडी कालचा साठा रॅममध्ये भरू लागतो आणि त्याच सुमारास फ्रेशक्लॅम हा अद्ययावत करणारा भाग आजच्या नव्या खुणा आल्या आहेत का, ते इंटरनेटवर पाहतो. त्या सहसा आलेल्या असतात. फ्रेशक्लॅम त्या उतरवून घेतो, नवी फाइल धड आहे की नाही हे तपासण्यासाठी ती स्वतः एकदा रॅममध्ये भरून पाहतो, आणि मग क्लॅमडीला साठा बदलण्याचा निरोप धाडतो. क्लॅमडीची २०२० सालच्या ०.१०३ या आवृत्तीपासूनची पद्धत अशी की नवा साठा पूर्ण भरून होईपर्यंत तो जुना सोडत नाही, जेणेकरून मधल्या काळात तपासणी थांबू नये. वन-रूम-किचनमध्ये नवे कपाट आत येऊन लागेपर्यंत जुने हलवायचे नाही असे ठरवले तर माणसांना जिन्यात उभे राहावे लागते. इथे जिन्यात उभा राहतो तो ब्राउझर, आणि जिना म्हणजे मंद गतीची ईएमएमसी किंवा जुनी फिरती डिस्क. चार जीबीच्या लॅपटॉपमध्ये अंगभूत ग्राफिक्ससाठी रॅमचा काही भाग आधीच गेलेला असतो, डेस्कटॉपचा आणि चार-पाच टॅबचा वाटा वेगळाच, त्यामुळे साठ्याच्या दोन प्रती एकाच वेळी मावण्याइतकी जागा उरतच नाही.

उपाय

घरगुती लॅपटॉपसाठी माझे मत स्पष्ट आहे: क्लॅमडी काढून टाकावा. तो बंद ठेवण्यापेक्षा काढणे बरे, आणि त्याचे कारण पुढे येतेच. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये क्लॅमएव्हीची पॅकेजेस वेगवेगळी आहेत. ‘क्लॅमएव्ही’ या पॅकेजात सांगितल्यावरच तपासणी करणारा क्लॅमस्कॅन मिळतो. ‘क्लॅमएव्ही-डीमन’ या पॅकेजात सतत चालणारा क्लॅमडी असतो. बसवण्याच्या बहुतेक तयार सूचनांमध्ये दोन्ही नावे एकाच आज्ञेत दिलेली असतात आणि दुसऱ्याची गरज कोणाला आहे हे सांगितलेले नसते. म्हणून ‘सुडो एपीटी रिमूव्ह क्लॅमएव्ही-डीमन’ अशी आज्ञा द्यावी, किंवा सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजरमध्ये ते नाव शोधून काढून टाकण्याची खूण करावी. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी आधी समोर येते. ती वाचूनच होकार द्यावा. पॅकेज निघाले की सिस्टम मॉनिटर पुन्हा पाहावा. एक जीबीहून अधिक रॅम परत मिळालेली दिसते.

ज्यांना पॅकेज न काढता सेवा फक्त बंद करायची असते त्यांची तक्रार अशी येते की ‘बंद केले होते, तरी दोन दिवसांनी परत चालू झाले’. याचे कारण सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, रचनेत आहे. क्लॅमडीच्या सेवेबरोबर त्याच नावाचे एक सॉकेटही, म्हणजे इतर कार्यक्रमांना संपर्क साधण्याचे दार, बसवले जाते. सेवा बंद असली तरी सॉकेट ऐकत राहते, आणि त्याच्याशी कोणी संपर्क साधला की सिस्टमडी सेवा पुन्हा सुरू करते. त्यामुळे बंदच करायचे असेल तर ‘क्लॅमएव्ही-डीमन डॉट सर्व्हिस’ आणि ‘क्लॅमएव्ही-डीमन डॉट सॉकेट’ ही दोन्ही नावे देऊन ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल हायफन-हायफन नाऊ’ ही आज्ञा वापरावी. ही भानगड नको म्हणूनच मी पॅकेज काढण्याच्या बाजूचा आहे.

क्लॅमडी खरोखरच हवा असेल, उदाहरणार्थ तोच लॅपटॉप घरातल्या विंडोज संगणकांसाठी सांबा या फाइल-वाटप सेवेवर सामायिक फोल्डर पुरवत असेल, तर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ‘कन्करंट-डेटाबेस-रीलोड’ हा पर्याय ‘नो’ करावा. मग साठा बदलताना जुना आधी सोडला जातो. तेवढा वेळ तपासणी थांबते, पण दुप्पट रॅम लागत नाही. दोन जीबीच्या लॅपटॉपवर याचाही उपयोग नाही. झेडरॅम बसवावे का, असेही विचारले जाते. अवश्य बसवावे, कारण रॅममधला मजकूर दाबून ठेवल्याने अशा लॅपटॉपांना एकूणच बरे वाटते. मात्र तो क्लॅमडीवरचा उपाय समजू नये.

क्लॅमडी काढल्यावरही थोडेसे अडखळते

हा उरलेला भाग बहुधा फ्रेशक्लॅमचा असतो. उतरवलेली नवी फाइल रॅममध्ये भरून पाहण्याची त्याची जी पद्धत वर सांगितली, ती क्लॅमडी नसतानाही चालूच राहते. डेबियन आणि उबुंटूमध्ये तो दिवसातून २४ वेळा नव्या खुणा आहेत का ते पाहतो. हे पाहणे अगदी हलके असते, जड असते ते नवे काही सापडल्यावरचे काम. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ‘टेस्ट-डेटाबेसेस’ हा पर्याय ‘नो’ करता येतो आणि कमी रॅम असलेल्यांसाठी तशी सूचना त्या फाइलच्या मूळ नमुन्यातच लिहिलेली आहे. महिन्यातून एखाद्या वेळीच तपासणी करणाऱ्याने मात्र ‘क्लॅमएव्ही-फ्रेशक्लॅम’ ही सेवाच बंद करावी आणि तपासणीच्या आधी ‘सुडो फ्रेशक्लॅम’ ही आज्ञा हाताने द्यावी.

इथेच दुसरी नित्याची अडचण येते. सेवा चालू असताना हीच आज्ञा हाताने दिली तर नोंदवही (लॉग फाइल) दुसऱ्या प्रक्रियेने कुलूपबंद केली आहे, अशा अर्थाचा संदेश येतो आणि नवा माणूस बिथरून कुलपाची फाइल शोधून पुसायला निघतो, किंवा परवानग्या बदलत सुटतो. यातले काहीही करू नये. पार्श्वभूमीतला फ्रेशक्लॅम आपले काम आधीच करत आहे, एवढाच त्या संदेशाचा अर्थ आहे. घाई असेल तर सेवा थांबवावी, आज्ञा द्यावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी. खुणांच्या फाइली वारंवार पुसून पहिल्यापासून पूर्ण साठा उतरवत राहिल्यास क्लॅमएव्हीचा सर्व्हर काही काळ नकार देतो. तेव्हा त्याने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, दुसरा इलाज नाही.

मग तपासायचे काय?

संपूर्ण डिस्क कधीही तपासायला लावू नये. प्रोक आणि सिस या नावांच्या फोल्डरांत खऱ्या फाइली नसतातच, ती कर्नलची माहितीची खिडकी असते, आणि उरलेल्या प्रणालीच्या फाइली सही केलेल्या पॅकेजांमधून आलेल्या असतात. डाउनलोड्स हा फोल्डर आणि बाहेरून आलेला पेनड्राइव्ह, एवढे पुरे. क्लॅमस्कॅनला साठा भरायला सुरुवातीला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यापुरती रॅमही तितकीच लागते, म्हणून आधी ब्राउझर बंद करावा.

पेनड्राइव्हचे प्रकरण आपल्याकडे खरे महत्त्वाचे आहे. प्रकल्पाची किंवा अर्जाची पीडीएफ छापायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या विंडोज संगणकावरून शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो आणि पुढे महाविद्यालयातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकाला देतो. लिनक्सवर तो चालत नाही, पण आपण वाहक ठरतो. असा पेनड्राइव्ह लिनक्समध्ये उघडला की एक गंमत दिसते: व्हायरसने लपवलेले मूळ फोल्डर इथे सरळ समोर येतात, कारण विंडोजची ‘हिडन’ ही खूण लिनक्स सहसा मानत नाही, आणि त्यांच्या शेजारी त्याच नावाचे एक-दोन केबीचे शॉर्टकट उभे असतात. काही प्रकारांत सगळ्या फाइली नाव नसल्यासारख्या दिसणाऱ्या एका फोल्डरात हलवलेल्या असतात. क्लॅमस्कॅन चालवावा, मूळ फाइली लॅपटॉपवर उतरवून घ्याव्यात, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट पुसाव्यात आणि शक्य असल्यास पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा.

सापडले, पण पुसू नये

खोट्या इशाऱ्यांनी झालेले नुकसान मला खऱ्या व्हायरसांनी केलेल्या नुकसानीपेक्षा जास्त वेळा पाहावे लागले आहे. क्लॅमटीके या चित्रमय आवरणात ‘पीयूए’, म्हणजे कदाचित नको असलेल्या कार्यक्रमांचा शोध, हा पर्याय लावला की ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली, साध्या पीडीएफ आणि लिबरऑफिसचे भागसुद्धा लाल यादीत येतात. नावाच्या सुरुवातीला पीयूए किंवा ‘ह्युरिस्टिक्स’ असेल तर तो केवळ संशय समजावा. तो पर्याय बंद करून पुन्हा तपासणी केली की यादी बहुधा रिकामी होते.

सर्वांत महागात पडणारी चूक थंडरबर्डच्या बाबतीत होते. थंडरबर्ड नेहमीच्या रचनेत एका मेल फोल्डरातली सगळी टपाले एकाच फाइलीत साठवतो. इनबॉक्समधल्या हजारो टपालांपैकी एखादे बँकेच्या नावाने आलेले फसवे टपाल क्लॅमएव्हीला दिसते आणि तो ‘इनबॉक्स’ नावाची ती संपूर्ण फाइल बाधित म्हणून दाखवतो. ‘डिलीट’ दाबले की एका टपालाबरोबर सगळी पेटी जाते. टपाले सर्व्हरवर न ठेवणाऱ्यांना ती परत मिळत नाहीत. अशा वेळी थंडरबर्ड उघडून ते टपाल तिथूनच पुसावे, कचरापेटी रिकामी करावी आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करावा, कारण तोवर पुसलेले टपालही त्या फाइलीत पडूनच असते आणि पुढच्या तपासणीत पुन्हा सापडते.

आरकेहंटर आणि सीएचकेरूटकिट ही रूटकिट, म्हणजे प्रणालीत खोल लपून बसणारे घातक कार्यक्रम, शोधणारी साधनेही नवखे लोक हौसेने बसवतात. आरकेहंटर प्रणालीच्या फाइलींची जुनी नोंद ठेवून तुलना करतो, त्यामुळे प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर इशारे देतो. ते अपडेट आपणच केलेले असेल तर ‘प्रॉपअपडी’ या पर्यायाने नोंद ताजी करावी. सीएचकेरूटकिटला नेटवर्क सांभाळणाऱ्या नेहमीच्या कार्यक्रमांत ‘पॅकेट स्निफर’, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक चोरून ऐकणारा, दिसतो. हे इशारे वाचून अर्थ लावण्याची तयारी नसेल तर ही दोन्ही साधने लॅपटॉपवर नसलेलीच बरी.

रॅम न खाणारे संरक्षण

अपडेट मॅनेजर जे सुचवतो ते बसवत राहावे, टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची एक प्रत आधी घ्यावी, सॉफ्टवेअर शक्यतो सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावे आणि ब्राउझरला यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे विस्तार जोडावे. कार्यक्रमांना मर्यादेत ठेवणारे ॲपआर्मर मिंट आणि उबुंटूमध्ये आधीपासूनच चालू असते, त्याला हात लावण्याची गरज नाही. लिनक्स बसवण्याची आयएसओ फाइल उतरवल्यावर तिची बेरीज (चेकसम) आणि डिजिटल सही दोन्ही तपासाव्यात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळावरचा दुवा बदलून १७.३ सिनॅमनची मागचे दार असलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली गेली होती, आणि संकेतस्थळच ताब्यात गेले असेल तर तिथे लिहिलेली बेरीजही बदलता येते, म्हणून नुसत्या बेरजेवर थांबू नये.

फायरवॉल मिंटमध्ये बसवलेला असतो, पण बंद असतो. ‘फायरवॉल कॉन्फिगरेशन’ उघडून तो चालू करावा, येणारी वाहतूक ‘डिनाय’ आणि जाणारी ‘अलाउ’ ठेवावी. त्यानंतर ‘फोन जोडला जात नाही’ ही तक्रार ठरलेली आहे. फोन आणि लॅपटॉप जोडणाऱ्या केडीई कनेक्टसाठी १७१४ ते १७६४ हे पोर्ट (नेटवर्कची क्रमांक दिलेली दारे) टीसीपी आणि यूडीपी या दोन्हींसाठी उघडावे लागतात. फाइली पाठवणाऱ्या मिंटच्या वॉर्पिनेटरसाठी ४२००० आणि ४२००१. हे नियम घरच्या वाय-फायच्या पत्त्यांपुरतेच मर्यादित ठेवता येतात आणि तसेच ठेवावेत, म्हणजे वसतिगृहाच्या किंवा वाचनालयाच्या सामायिक वाय-फायवर ते लागू होणार नाहीत. मात्र दोन्हीकडे पत्त्यांची मालिका एकच असेल, जे १९२.१६८.१ या मालिकेच्या बाबतीत सहज घडते, तर घराच्या राउटरमध्ये मालिका बदलून मगच नियम लिहावा. पोर्ट उघडूनही फोन दिसत नसेल, तर युएफडब्ल्यूच्या, म्हणजे मिंटमधल्या या फायरवॉलच्या, जोडीला फायरवॉलडी हा दुसरा फायरवॉल बसवलेला आहे का ते पाहावे. दोघे एकाच वेळी चालू असले तर एकाने दिलेली परवानगी दुसऱ्याकडे अडते. अशा वेळी फायरवॉलडी काढावा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करावा.